कारणाच्या रकान्यात काय लिहायचे?

(जिल्हा मेळाव्यात तालुका व गाव शाखांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण. बोलण्यातील पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



आज हमीभावाचे गणित फळ्यावर मांडणार नाही. ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त पाठ आहे. आज बोलायचे आहे ते सरकारी कागदातल्या एका रकान्याबद्दल.

गावात शेतकऱ्याची आत्महत्या झाली की पोलिसांचा पंचनामा होतो, तलाठ्याचा अहवाल तहसीलला जातो आणि तिथून जिल्ह्याच्या समितीपुढे. समिती ठरवते, प्रकरण पात्र की अपात्र. जमीन त्याच्या किंवा घरच्यांच्या नावावर हवी. कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. नापिकीने ते थकलेले हवे आणि वसुलीचा तगादा हवा. हे सगळे जुळले तर २००६ पासून घराला १ लाख रुपये मिळतात, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. नाही जुळले तर काही नाही. कृषी केंद्राची उधारी या कागदावर कुठे बसत नाही. मेव्हण्याकडून उसने घेतलेले बसत नाही. बिगरपरवान्याच्या सावकाराकडचे गहाण बसत नाही. ठोक्याने किंवा बटईने वाहणारा तर शेतकरीच नाही, कारण सातबारा दुसऱ्याचा. मग कारणाच्या रकान्यात काय येते? दारूचे व्यसन. घरगुती वाद. आजारपण. डोक्यावर परिणाम.

हा रकाना भरणारा तलाठी दुष्ट असतो असे आम्ही म्हणत नाही. त्याला एका ओळीत एक कारण लिहायचे असते आणि तो लिहितो. आमची तक्रार त्या ओळीबद्दल आहे. एका माणसाच्या मरणाचे कारण त्या एका माणसातच सापडेल, हे आधीच गृहीत धरून तो कागद छापलेला आहे.

शेतकी महाविद्यालयात आम्ही पिकांचे रोग शिकलो. तुरीच्या वावरात एखादे झाड वाळले तर आपण ते उपटून मूळ पाहतो. हुमणी असेल, डवऱ्याचा धक्का लागला असेल. पण वावराच्या एकाच कोपऱ्यात दरवर्षी शेदोनशे झाडे मरत असतील, तर एकेक झाड उपटून पाहण्यात हंगाम जाईल. मर रोगाची बुरशी जमिनीत असते. मरणारी झाडे थोडी दुबळी असतात हेही खरे, सगळी काही मरत नाहीत. पण दरवर्षी तिथेच का, या प्रश्नाचे उत्तर झाडापाशी नसते.

माणसांच्या बाबतीत हाच विचार सव्वाशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच प्राध्यापकाने केला. त्याचे नाव एमिल दुर्खीम. बोर्दो या गावी तो शिकवत होता. १८९७ साली त्याने आत्महत्या या विषयावर एक पुस्तक छापले. त्यासाठी फ्रान्सच्या न्याय खात्यातली सुमारे २६ हजार प्रकरणांची कागदपत्रे वेगळी काढून मांडली गेली. ते किचकट काम त्याचा भाचा मार्सेल मॉस याने केले. तोही पुढे मोठा विद्वान झाला.

दुर्खीमला काय दिसले? एकेक आत्महत्या अचानक, खासगी, कोणाला न कळलेली असते. पण सगळ्या देशाचा आकडा दरवर्षी जवळजवळ तोच येतो. सॅक्सनीत जास्त, डेन्मार्कमध्ये जास्त, इटलीत कमी, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तसेच. जन्मणारी आणि मरणारी माणसे बदलतात, प्रमाण हलत नाही. म्हणजे ते प्रमाण त्या समाजाचे आहे. वेड, वंश, हवामान ही त्या काळच्या विद्वानांची आवडती कारणे त्याने एकेक करून तपासली आणि आकड्यांत ती टिकत नाहीत हे दाखवले.

कारणाच्या रकान्याबद्दल तर त्याने आपलेच भांडण मांडले आहे. फ्रान्समध्येही अधिकारी प्रत्येक आत्महत्येपुढे कारण लिहीत. दुर्खीमने एका बाजूला शेतीवर जगणाऱ्यांच्या आत्महत्या घेतल्या आणि दुसऱ्या बाजूला वकील, डॉक्टर, प्राध्यापक अशा शिकलेल्यांच्या. एकाचे आयुष्य मातीत, दुसऱ्याचे कागदात. दोघांना दुःखे देणारी जगे वेगळी. तरी दारूसारखा एखादा अपवाद सोडला, तर गरिबी, घरची भांडणे, मनाचा आजार या कारणांचे शेकड्यातले प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखे! हे कसे शक्य आहे? दुर्खीमचे उत्तर असे, की ते आकडे मरणाऱ्यांच्या कारणांचे नव्हतेच. माणूस का मरतो याबद्दल अधिकाऱ्यांची जी समजूत, तिचे ते आकडे होते. तलाठ्याचा रकाना वाचताना हे ध्यानात ठेवा.

आता त्याच पुस्तकातले जरा झोंबणारे ऐका. दुर्खीम म्हणतो, नुसत्या गरिबीने आत्महत्या वाढत नाहीत. आयर्लंडचा शेतकरी कमालीचा दरिद्री, तिथे आत्महत्या थोड्या. इटलीच्या दक्षिणेला कॅलाब्रिया भुकेकंगाल, तिथे तर नावापुरत्या. त्या काळच्या युरोपात आत्महत्यांत पुढे असत ते व्यापार आणि कारखानदारीतले लोक. शेती करणारे मागे. परवा एका सभेत आम्ही हे सांगितले तेव्हा एकजण उठून म्हणाले, "साहेब, म्हणजे आम्ही गरीब नाही म्हणता काय?" तसे नाही, भाऊ. उलट या वाक्यातच आपल्या प्रश्नाची गुरुकिल्ली आहे.

तो म्हणतो, माणसाला घोर लावतो तो धक्का. काल होते ते आज नाही, आणि उद्याचे काही सांगता येत नाही, ही अवस्था. १८७३ साली व्हिएन्नाचा शेअर बाजार कोसळला. त्या शहरात १८७२ मध्ये १४१ आत्महत्या झाल्या होत्या, १८७४ मध्ये २१६ झाल्या. हे कोणालाही पटेल. पण एकाएकी भरभराट आली तरी आकडा वाढतो, हेही त्याने दाखवले. इटली एक झाल्यावर तिथे व्यापार वाढला, मजुरी वाढली आणि आत्महत्याही वाढल्या. कारण चढती असो की पडती, जुने ताळतंत्र सुटते. किती मिळेल, किती अपेक्षा धरावी, कशाला किती द्यावे याचे माप राहत नाही. या अवस्थेला त्याने अ‍ॅनॉमी असे नाव दिले. आपण ताळतंत्र सुटणे म्हणू.

आता आपल्या वावरात या. आपला आजा घरची ज्वारी पेरायचा, घरचे बी ठेवायचा. कडबा जनावराला, शेण वावराला. तो गरीब होता, दुष्काळात उपाशी राहिला, त्याचे दिवस सोन्याचे होते असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण त्याचा बाजाराशी संबंध वर्षातून एकदोनदा यायचा. आज पऱ्हाटी लावणारा जूनमध्ये बियाण्याची पाकिटे विकत आणतो, मग खत, तणनाशक, फवारणी, मजुरी, वेचणी. सगळे रोख किंवा उधार. म्हणजे तो दुर्खीमच्या भाषेत व्यापारी झाला. फरक इतकाच, की व्यापाऱ्याला आपल्या मालाचा भाव सांगता येतो. आपण पाऊस न विचारता पेरतो आणि भाव न विचारता विकतो. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी होती. तिच्या चुकारे थकवण्याला आणि ग्रेडरच्या मनमानीला आपण कंटाळलो होतो, हे खोटे नाही. २००२ नंतर ती मोडली. त्याच वर्षी बीटी कापसाला परवानगी आली. बियाणे महाग झाले, पहिली काही वर्षे बोंडअळीच्या फवारण्या वाचल्या, कोणाकोणाला चांगले पिकले. मग गुलाबी बोंडअळी त्यालाही पचवून बसली आणि २०१७ मध्ये आपली बोंडे आतून पोखरली. ५ मार्च २०१२ रोजी ऐन हंगामात सरकीसकट घरात कापूस असताना निर्यातबंदी झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वेचणीच्या तोंडावर ११ टक्के आयात शुल्क उठले आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. चढ-उतार निसर्गाचे असते तर एक वेळ सोसले असते. हे दिल्लीच्या सहीने होतात.

इथे दुर्खीमला एक गोष्ट नीट दिसली नाही, असे आमचे मत आहे. आत्महत्येचे त्याने प्रकार पाडले. समाजापासून तुटून एकट्या पडलेल्या माणसाची, समूहाखातर जीव देणाऱ्याची, ताळतंत्र सुटल्यामुळे होणारी. आणि चौथा प्रकार त्याने एका तळटीपेत उरकला. चहूबाजूंनी नियमांनी आवळलेला, पुढची वाट पार बुजलेला माणूस. कोंडमारा. याचे आजकाल फारसे महत्त्व नाही, म्हणून तो पुढे गेला. आमचा कोरडवाहू शेतकरी नेमका त्या तळटीपेत अडकलेला आहे. मालाच्या भावाला काही नियम नाही, कर्जाच्या वसुलीला मात्र नियमच नियम. थकबाकीदार झाला की नवे पीककर्ज नाही. नवे पीककर्ज नाही म्हणून सावकार. सावकार म्हणून गहाण. एका हाताला ताळतंत्र नाही आणि दुसऱ्या हाताला बेडी, असा हा प्रकार पॅरिसच्या कागदपत्रांत त्याला दिसला नसावा.

हे सगळे पुस्तकी वाटत असेल, तर जवळचे सांगतो. २००६ साली मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतले श्रीजित मिश्र यांनी वर्धा, वाशीम आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या १११ आत्महत्यांचा घरोघरी जाऊन अभ्यास केला. त्यांनी एकच कारण लिहिण्याचा रकाना ठेवला नाही. एका घरात जितक्या अडचणी सापडल्या, तितक्या सगळ्या मोजल्या. कर्ज बहुतेक सगळ्या घरांत होते. त्याच्या खालोखाल कशाचा क्रम लागला? घराची आर्थिक पत घसरण्याचा. म्हणजे काल पाच माणसांत बसणारा आज मान खाली घालून चालू लागला होता. आणि निम्म्याहून अधिक जणांनी आपली अडचण कोणाला सांगितलेलीच नव्हती. दारूही होती, लेकीबहिणीचे लग्नही होते, भांडणेही होती. तलाठी खोटे लिहीत नाही, तो साखळीची शेवटची कडी तेवढी लिहितो.

दुर्खीमचाच एक शिष्य मोरिस हाल्ब्वाश याने १९३० साली गुरूला इथेच दुरुस्ती सुचवली. बुडालेला धंदा, कर्ज, बदनामी ही कारणे फेकून देऊ नका, कारण तीच माणसाला गोतावळ्यातून बाहेर ढकलतात, असे तो म्हणाला. आम्हाला हे फार पटते. कर्ज असलेला माणूस पहिल्यांदा काय करतो? चावडीवर येणे बंद करतो. लग्नाला जायचे टाळतो, कारण तिथे देणेकरी भेटेल, आहेर करायला पैसे नाहीत. कृषी केंद्राच्या रस्त्याने न जाता लांबच्या पाणंदीने जातो. मग घरात बोलणे कमी. कर्जाने माणूस गरीब होतो त्याच्या आधी एकटा होतो.

आता दुसरा इतिहास बघा, हा आपला आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस थांबला, विलायतेने मुंबईकडे धाव घेतली आणि दख्खनच्या शेतकऱ्याला सावकार घरी येऊन पैसे देऊ लागला. युद्ध संपले, भाव कोसळले, सरकारने साराही वाढवला होता आणि जमिनी गहाण पडल्या. धक्का आजच्यासारखाच, पिकाचे नावही तेच. पण १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी बाजाराच्या दिवशी एकत्र आले आणि सावकारांच्या घरातले कर्जरोखे बाहेर काढून जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत तेच झाले. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. जाळपोळ करा असे आम्ही सांगत नाही, तेव्हा लिहून घेणाऱ्या साहेबांनी पेन खाली ठेवावे. सांगायचे इतकेच, की त्या शेतकऱ्यांनी कर्ज ही आपली एकट्याची लाज मानली नाही. रोखे सगळ्यांचे एका ढिगात आले.

हेही दुर्खीमच्या आकड्यांत आहे. फ्रान्समध्ये १८४७ साली ३,६४७ आत्महत्या नोंदल्या गेल्या. १८४८ हे क्रांतीचे वर्ष, रस्त्यावर धुमश्चक्री, धंदे बंद. त्या वर्षी आकडा वाढायला हवा होता, तो ३,३०१ वर आला. लोक एकत्र उभे राहतात तेव्हा माणूस दुसऱ्याला लागतो, आणि लागणारा माणूस टिकतो.

मग उपाय? दुर्खीमने इथे जे लिहिले त्याचे आम्हाला आश्चर्य वाटले. तो म्हणतो, सरकार फार लांब आहे. कुटुंब आता फार लहान झाले. धर्माचा पूर्वीचा धाक राहिला नाही. माणसाला धरून ठेवील असा एकच समूह उरतो, एक धंदा करणाऱ्यांचा संघ. रोज जवळ असणारा, एकमेकांचे हिशेब जाणणारा. शेतकरी संघटना त्याच्या डोळ्यांसमोर नव्हती, पण शब्द आपल्याला लागू आहेत. म्हणून प्रश्न असा आहे, की आपण तसे आहोत काय? मोर्चाला, रास्ता रोकोला आपण एकत्र असतो. जानेवारीत बँकेची नोटीस येते त्या संध्याकाळी आपण कुठे असतो?

आणखी एक गोष्ट बोलायला हवी, काहींना राग येईल. आपल्यातले काही कार्यकर्ते गेलेल्या शेतकऱ्याचा फोटो मंचावर लावून त्याला हुतात्मा म्हणतात. भावना आम्ही समजतो. पण हे थांबवा. अनुकरणाने समाजाचा आकडा फारसा बदलत नाही असे दुर्खीम मानत असे. या बाबतीत पुढच्या संशोधनाने त्याला चूक ठरवले. १९७४ मध्ये डेव्हिड फिलिप्स याने अमेरिकेत दाखवले, की वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आत्महत्येची बातमी गाजली की त्यानंतर आत्महत्या वाढतात. हार घातलेला फोटो बघणाऱ्या गर्दीत उद्याचा एखादा संकटातला माणूस बसलेला असतो. त्याला आपण काय सांगतो आहोत? 'जिवंत असताना तुझ्या घरी कोणी आले नाही, गेल्यावर मात्र तुझी मिरवणूक निघेल'? सरकारला जाब जरूर विचारा. त्यासाठी मरण मोठे करायची गरज नाही.

आकडे मोजताना आपलीही नजर अपुरी पडते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात शेतीतल्या ११,२९० आत्महत्या आहेत. त्यांत शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३. मजूर जास्त आहेत हे आपल्या भाषणांत कधी येते? एकट्या महाराष्ट्रातल्या ४,२४८. आणि बहिणींनो, तुमची तर वेगळीच कथा. निंदणी, वेचणी, पेरणी सगळे तुम्ही करता, पण सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून नोंद होते 'गृहिणी' या रकान्यात. त्या रकान्यात देशभरात दरवर्षी वीस हजारांहून अधिक बायका आहेत. त्यांतल्या किती जणी शेतकरी होत्या, ते कोणी मोजलेले नाही. दुर्खीमही बायकांच्या बाबतीत कच्चा. लग्नाचा आधार पुरुषाला जास्त मिळतो, बाईला कमी, इतके त्याला आकड्यांतून दिसले. पण त्याचे कारण सांगताना तो बाईच्या स्वभावावर घसरला.

आता काम. गाव शाखांनी या खरिपापासून देण्याची वही सुरू करावी. बँक, सोसायटी, कृषी केंद्र, सावकार, नातेवाईक, सगळे देणे शेतकऱ्याने स्वतः येऊन लिहावे, आणि पहिले नाव शाखा अध्यक्षाने स्वतःचे लिहावे. लाज मोडायला दुसरा मार्ग आम्हाला दिसत नाही. वही सरकारला दाखवायची नाही, त्या माणसाला विचारल्याशिवाय कोणालाच दाखवायची नाही. नोटीस आली की दोघांनी त्याच्या घरी जायचे, चारचौघांत बँकेत सोबत जायचे, पुनर्गठनाचा अर्ज लिहून द्यायचा. सावकाराकडे परवाना आहे की नाही ते २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे सहायक निबंधकाकडे विचारायचे.

एखादा माणूस 'माझं आता ओझंच झालंय', 'पोरांकडे बघा' असे बोलू लागला, देणीघेणी एकाएकी निस्तरू लागला, तर सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे. उलट बोलायला वाट मिळते. त्या रात्री त्याला एकटे ठेवू नका. १४४१६ हा टेलिमानस फोन फुकट आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलतात. तो नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्या. आणि फवारणीची औषधे घरात नको, वावरातल्या कुलूपबंद पेटीत ठेवा. श्रीलंकेत १९९५ नंतर सर्वांत जहाल औषधांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि वीस वर्षांत तिथल्या आत्महत्या जवळजवळ सत्तर टक्क्यांनी उतरल्या. त्या काळात तिथली शेती बुडाली नाही. संकटाची ती एक घटका टळली की पुष्कळ माणसे पुढे जगतात.

अपात्र ठरलेल्या प्रकरणांची तालुकावार यादी आपण स्वतंत्रपणे करतो आहोत. प्रत्येक घरी जाताना कारण एकच लिहू नका, जितकी सापडतील तितकी लिहा. कर्ज कोणाचे, कधीपासून, भाव काय मिळाला, मजूर होता की ठोकेदार, बाईच्या नावावर काय आहे, शेवटच्या वर्षात घरी कोण येत-जात होते. घरच्यांच्या परवानगीशिवाय नाव लिहायचे नाही, गावाचे नाव पुरे. कोरे कागद मागच्या टेबलावर आहेत, जाताना प्रत्येक शाखेने वीस-वीस घेऊन जावे. भरलेले कागद पोळ्याच्या आधी जिल्हा कार्यालयात पोचले पाहिजेत.